ताडपत्रीची बॅग

शबनम पिशवीचा पट्टा तुटला त्याच वेळी कान्हूचा एक दातही तुटला. पण भर एसटी स्टँडवर त्याला रडू आलं ते ब्रशांसाठी.

पेणच्या स्टँडवर रोह्याच्या गाडीला गर्दी होती. पुंडलिक मागून आला, त्यानं कान्हूला खांद्याला धरून वळवलं आणि तोंडावर ठोसा मारला. कान्हू पडला. पुंडलिकनं पिशवी ओढली, तर तो सुती पट्टा बिचारा जराही कुरकुर न करता शिवणीतून सुटून आला. ब्रश फरशीवर सांडले. खारीच्या शेपटीचे केस निवडून निवडून कान्हूनं स्वतः बांधलेले ते ब्रश. पुंडलिकनं त्यांच्यावर टाच ठेवली आणि विडी विझवावी तशी गोल फिरवली. लोक बघत राहिले, लोकांना दुसरं येतं काय!

"शेठचा निरोप हाय," पुंडलिक म्हणाला. "नीलकंठच्या कारखान्यात परत दिसलास तर बोटं मोडीन. उजव्या हाताची. सगली."

मग वाकून त्यानंच कान्हूला उठवलं आणि बाकावर नेऊन बसवलं. कितीतरी वर्षं दोघं एकाच डब्यात जेवले होते, ते कुठं जाणार? "रक्त पूस," असं म्हणून तो निघून गेला.

शेठ म्हणजे दत्ताशेठ. त्याचा गणपतीचा कारखाना पेणेत नावाजलेला. कान्हू तिथं आखणी करायचा, म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचा. बाकीचं अंग कोणीही रंगवावं, डोळ्यांना मात्र तसाच हात लागतो, आणि कान्हूचा हात तसा होता. मुंबईचे व्यापारी दारातूनच विचारायचे, "डोळे कान्हूचेच ना?" दत्ताशेठ वरून हसायचा आणि आतून जळायचा. एक दिवस त्यानं व्यापाऱ्यांसमोर कान्हूच्या मुस्काटात मारली. का, तर म्हणे हात सावकाश चालतो. कान्हूनं ब्रश धुतले, पुसले, पिशवीत घातले आणि गल्ली ओलांडून तो समोर नीलकंठभाऊंच्या कारखान्यात जाऊन बसला. एवढाच त्याचा गुन्हा. पुंडलिक होता दत्ताशेठच्या पदरी. मिठागरात राबून दगड झालेला गडी. तो माती मळायचा, मूर्ती ट्रकमध्ये चढवायचा आणि शेठनं सांगितलं की माणसंही आडवी करायचा.

त्या कारखान्यांत आखणीची एक रीत होती. एक डोळा आखला की दुसरा आखल्याशिवाय उठायचं नाही. आणि दुसरा डोळा आखला जात असताना समोर जो असेल त्यानं हात जोडून डोळे मिटायचे, देवाची पहिली नजर माणसाच्या नजरेला भिडू नये म्हणून. आखणारा "झालं" म्हणाला की मगच उघडायचे. मालक असो, हमाल असो, दारात आलेला पोस्टमन असो. पुंडलिक तर या बाबतीत भलताच कडक. एकदा दत्ताशेठ मध्येच डोळे उघडून घड्याळ बघायला लागला, तेव्हा पुंडलिकनं आपला चिखलानं भरलेला पंजा सरळ मालकाच्या डोळ्यांवर ठेवला होता. शेठ मुकाट उभा राहिला होता.

तर दात पडलेला कान्हू संध्याकाळी रोह्याजवळच्या अष्टमी गावात घरी पोचला. बायको गिरजा मिठाच्या पाण्याचा तांब्या घेऊन समोर बसली आणि म्हणाली, "उद्यापासून जाऊ नका पेणला. धाटावला कंपनीत हेल्पर घेतायत."

"हेल्पर?" कान्हू तोंडातलं रक्त थुंकून म्हणाला. "अगो, या हातानं मी पिंपं ढकलू?"

त्याचं खरंच होतं. त्या हाताशिवाय त्याच्याजवळ होतं काय? बुद्धी बेताची, अंगात जोर नाही, बोलणं अडखळत. बोटं गेली की कान्हू संपला, हे पुंडलिकला ठाऊक होतं आणि कान्हूलाही. शहाणा माणूस पोलिसात गेला असता, नाहीतर गावातली चार माणसं घेऊन दत्ताशेठच्या दारात गेला असता. कान्हू बॅग घ्यायला गेला. पट्टा तुटला म्हणून ब्रश गेले, एवढंच त्याच्या डोक्यात बसलं होतं. घाबरलेल्या माणसाला समजवायला जाऊ नये.

पेणच्या बाजारात त्यानं दुकानदारांचा जीव खाल्ला. रेक्झिनची काळी बॅग बघितली. दुकानदार म्हणाला, इम्पोर्टेड आहे. कान्हूनं पट्टा छताच्या हुकाला अडकवला आणि स्वतः लोंबकळला. इम्पोर्टेड पट्टा खाली आला, त्याच्याबरोबर कान्हू आला आणि दुकानदाराच्या शिव्या आल्या. पाठीवरची सॅक दाखवली तर कान्हू म्हणाला, "पाठीमागं कोण हात घालतो ते दिसणार कसं?" मिलिटरी रंगाची एक बॅग त्याला आवडली होती, पण दोन हिसक्यांत तिचे रिबिट उडाले. तिसऱ्या दुकानदारानं तर त्याला लांबून बघूनच शटर अर्धं ओढलं.

शेवटी तो गेला महामार्गाच्या कडेला, काळुरामकडे. काळुराम ट्रकच्या ताडपत्र्या शिवायचा. सुई हाताएवढी, दोरा मेणात बुडवलेला.

"ठेवणार काय बॅगेत?" काळुरामनं विचारलं.

"ब्रश. डबा. पाण्याची बाटली."

"ब्रशांना ताडपत्री?" काळुराम पोट धरून हसला. "ब्रश घेऊन लढाईला चाललास काय रं?"

कान्हूनं ओठ वर करून पडलेला दात दाखवला. काळुरामचं हसू जागच्या जागी थांबलं. त्यानं हिरवी ताडपत्री कापायला घेतली. ट्रकवरचा माल आवळायचा नायलॉनचा पट्टा घेतला आणि तो बॅगेच्या बुडाखालून एकसंध फिरवला, म्हणजे शिवणीवर भार यायलाच नको. खांद्यावरून तिरपी घेतली की बॅग बरोबर कमरेला बसेल, असं माप घेतलं. झाकणाला तो प्लॅस्टिकचं बक्कल लावत होता, पण कान्हूचा हात भंगाराच्या डब्यात गेला आणि तिथून ट्रकची जाडजूड लोखंडी कडी घेऊन बाहेर आला. कडीला पुढं आकडा होता, बोटाएवढा.

"ही लाव."

"वजन होईल."

"होऊ दे."

बॅग झाली. दोघांनी ती कडुलिंबाच्या फांदीला अडकवली आणि दोन बाजूंनी लोंबकळले. फांदी मोडली. कान्हू खाली पडल्या पडल्या हसत होता. मार खाल्ल्यापासून तो पहिल्यांदाच हसला.

त्यानं नवे ब्रश बांधले, पत्र्याच्या डबीत घातले, डबी बॅगेत घातली आणि एसटी सोडून रोह्याहून सकाळच्या रेल्वेच्या डिझेल गाडीनं पुन्हा पेणला जायला लागला.

आठवडाही गेला नाही. पेण स्टेशनातून गावाकडं येणाऱ्या रस्त्यावर मागून स्कूटर आली. चालवणारा कोणी दुसरा होता, मागं पुंडलिक. त्यानं जाता जाता बॅगेचा पट्टा पकडला. पट्टा तुटला नाही. अहो, तुटणार कसा? पट्टा तिरपा गळ्यात, गळा कान्हूचा, आणि स्कूटर पुढं. कान्हू रस्त्यावरून फरपटत गेला. गुडघे सोलले, कोपराचं मांस खडीत राहिलं, नायलॉननं मानेवर लाल वळ काढला. त्याची जीभ बाहेर आली तेव्हा कुठं पुंडलिकनं हात सोडला. स्कूटर थांबली. पुंडलिक उतरून आला आणि त्यानं कान्हूच्या उजव्या मनगटावर पाय ठेवला. तेवढ्यात पाठीमागून गाडीतून उतरलेली माणसं बोंबलत धावत आली.

"बॅग बरी घेतलीस," पुंडलिक पाय काढत म्हणाला. "पन मना बॅग नको रं. मना बोटं हवीत. शेठ ऐकत नाय."

कान्हू धुळीत पडूनच बॅग चाचपत होता. डबी शाबूत होती. एक टाका उसवला नव्हता. त्याला त्याही अवस्थेत बरं वाटलं, आणि मग मनगटावरचा बुटाचा ठसा बघून थंडी भरली.

नीलकंठभाऊ म्हणाले, घरी बस. पण गणपती तोंडावर आले होते, मूर्ती आंधळ्या उभ्या होत्या. कान्हू येत राहिला. एका दुपारची गोष्ट. मुंबईचा ट्रक भरायला सगळी माणसं नाक्यावर गेली होती. कान्हू एकटाच एका मोठ्या मूर्तीसमोर पाटावर बसला होता. डावा डोळा नुकताच आखून झाला होता, तेव्हा दाराशी अंधार झाला.

पुंडलिक आत आला, दार ओढून कडी घातली. हातात लोखंडी गज. "चल, हात ठेव पाटावर," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "पटकन करतो. तुला त्रास नको."

कान्हूनं बंद दाराकडं पाहिलं. पळायला वाट नव्हती. त्यानं मूर्तीकडं बोट केलं.

पुंडलिकनं बघितलं. एक डोळा होता, एक नव्हता. त्याचा वर उचललेला गज खाली आला.

"अर्धाच हाय?"

"व्हय."

"मग पुरा कर आधी," पुंडलिक म्हणाला. त्यानं गज काखेत धरला, हात जोडले, मान खाली घातली आणि डोळे मिटले.

कान्हूनं ब्रश रंगात बुडवला. हात चांगला चालत होता. हा डोळा झाला की आपण "झालं" म्हणायचं, आणि मग ही बोटं जाणार. रेघ सावकाश ओढली तरी ती कधीतरी संपणारच. त्यानं वळून पुंडलिककडं पाहिलं. तो दांडगा माणूस पहिलीतल्या मुलासारखा डोळे घट्ट मिटून, ओठ हलवत उभा होता. कान्हूच्या पायाशी बॅग होती. आत डबा, भरलेली बाटली, ब्रशांची डबी. कान्हूनं ब्रश खाली ठेवला, दोन्ही हातांनी पट्टा धरला, उठला, आणि होता नव्हता तो सगळा जोर लावून बॅग फिरवली.

कडीचा आकडा डाव्या डोळ्यात शिरला.

पुंडलिक किंचाळला नाही. "हं" असा आवाज करून गुडघ्यावर आला. कान्हूनं बॅग हिसकली, आकडा ओरबाडत बाहेर आला, आणि त्यानं पुन्हा मारली, पुन्हा मारली. कानावर, खांद्यावर, जोडलेल्या हातांवर. ते हात अजून सुटले नव्हते. बॅग फाटली नाही, पट्टा तुटला नाही. ताडपत्रीवरून रक्त ओघळून शाडूच्या मातीत पडत होतं. पुंडलिक कुशीवर कलंडला तेव्हा कान्हू थांबला.

खालून पुंडलिकचा घोगरा आवाज आला, "झालं का रं?"

कान्हूनं दाराची कडी काढली आणि तो पळत सुटला.

नाक्यावरून परतलेल्या माणसांनी पुंडलिकला सरकारी दवाखान्यात नेलं. मूर्ती हलवताना गजावर पडलो, असं त्यानं सगळ्यांना सांगितलं. डावा डोळा गेला. दत्ताशेठ बघायलाही आला नाही. दुसऱ्या दिवशी कान्हू घाबरत घाबरत वॉर्डाच्या दारात गेला, तर पुंडलिकची आई बायजाबाई खाटेशी बसली होती. तिला काहीच ठाऊक नव्हतं. डब्यातला सोबती आला म्हणून तिला रडू फुटलं.

"बघ रे पोरा," ती म्हणाली, "डाक्तर बोलतो का उजव्या डोल्याला काय झालं नाय. पन हा तो उघडीतच नाय. कालपासून मिटून हाय. पानी पाजलं तरी मिटून. तू तरी सांग त्याला."

कान्हू दारातच उभा राहिला. पुंडलिकच्या एका डोळ्यावर पट्टी होती आणि दुसऱ्याची पापणी घट्ट आवळलेली. कान्हूला समजलं. आल्या पावली तो मागं फिरला.

कारखान्यात त्या मूर्तीवर नीलकंठभाऊंनी फडकं टाकलं होतं. कान्हूनं ते काढलं. बॅग त्यानं राखेनं घासली होती, तरी कडीच्या सांध्यात काळं राहिलं होतं. ब्रश काढला. काम करणाऱ्यांनी त्याला बसलेलं बघितलं आणि सगळ्यांनी हात जोडून डोळे मिटले. बोटं पाचही धड होती, आणि पाचही थरथरत होती. डाव्या हातानं उजवं मनगट धरून त्यानं तो डोळा आखला. पहिल्यासारखा तो आला नाही. त्या हाताला पुन्हा कधी तसा डोळा आलाच नाही. पुढं गिरजानं धाटावच्या कंपनीत चिकटवलं तेव्हा तो निमूट गेला, खांद्याला तीच बॅग लावून. ती काही फाटायचं नाव घेत नव्हती.

पण ते नंतरचं. त्या दिवशी तो पुन्हा दवाखान्यात आला आणि खाटेवर वाकला.

"पुंडलिक," तो म्हणाला, "झालं."

पापणी हलली. उजवा डोळा उघडला. उजेडानं त्यात पाणी आलं, तरी तो मिटला नाही. समोर कान्हू होता, कान्हूच्या खांद्याला बॅग होती, आणि तो एकटा डोळा बॅगेकडं वळलासुद्धा नाही, सरळ कान्हूच्या तोंडावर येऊन थांबला.

कान्हूला ते सोसलं नाही. त्यानं हात जोडले आणि डोळे मिटून घेतले. बराच वेळ तो तसाच उभा राहिला. पुंडलिक काही "झालं" म्हणाला नाही.