पुढे जा, बाई

एल रोसारिओ गाव मागे पडलं, आणि डेल्फिनाने मनाशी ठरवलं की आता पुढच्या वळणावर अप्पांना सांगून टाकायचं. वळण आलं आणि गेलं. मग तिने त्याच्या पुढचं वळण ठरवलं. या द्वीपकल्पातल्या रस्त्याला वळणांचा तोटा नाही, त्यामुळे तिची सोय होत राहिली.

सांगायचं होतं ते दोन वाक्यांत मावणारं होतं. अप्पा, आपण देवमासे बघायला चाललोय हे खरं, पण परतीला मी एकटीच असेन. तुम्ही आता खाडीवर वारोकडे राहायचं.

धाकट्या भावाशी फोनवर सगळं बोलून झालं होतं. "हंगाम संपेपर्यंत ठेवतो," असं वारो म्हणाला होता, आणि हंगाम संपल्यावर काय हे दोघांपैकी एकानेही विचारलं नव्हतं. अप्पांना सांगायचं काम मात्र ताईचं. नेहमीसारखं.

एन्सेनादाला मासळी डबाबंद करण्याच्या कारखान्यात उभ्याने काम करून ती घरी यायची तेव्हा अप्पांनी एक तर गॅस सुरू ठेवलेला असायचा, नाही तर स्वतःच घरातून नाहीसे झालेले असायचे. मग शोधा धक्क्यावर. त्यांचं डोकं शाबूत होतं, पण पाय घरात ठरत नव्हते. शेवटी एकदा तिने बाहेरून कुलूप लावलं आणि कामावर गेली. परतली तर अप्पा डोक्यावर टोपी घालून खिडकीपाशी बसलेले. तक्रारीचा एक शब्द नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर तिला परवडलं असतं. त्या रात्री तिने वारोला फोन लावला. बाई वाईट नव्हती, पार थकली होती.

"पोरी, गाडीला मागे गाढव बांधलंयस का?" अप्पांनी विचारलं.

"पुढे ट्रक आहे, अप्पा."

"त्याने डावा दिवा दिलाय की. जा म्हणतोय."

"की डावीकडे वळतोय?"

"इथे डावीकडे वळून जाणार कुठे तो? निवडुंगाच्या लग्नाला?"

दोन्ही बाजूंना नुसते दगड आणि कार्दोनचे उंच निवडुंग. तिने जीव मुठीत धरून ट्रकला मागे टाकलं. ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला, अप्पांनी हात बाहेर काढून त्याला सलाम ठोकला. नंतर रस्त्याकडेला कुणा अपघातात गेलेल्याचा क्रूस दिसला, तसा त्यांनी तिच्या हातावरून हात घालून हॉर्न दाबला. प्रत्येक क्रूसापाशी त्यांचं हे चालू होतं, आणि क्रूस काही थोडेथोडके नव्हते.

"ओळखीचे होते का सगळे?" ती वैतागून म्हणाली.

"आता झाले."

कातावीन्याला एक बाई पिंपातून पेट्रोल विकत होती. ते भरून घेऊन डेल्फिनाने बांधून आणलेले दोन बुरीतो उघडले. सुकवलेलं मांस, मिरची, वर थंड झालेली तोर्तियाची पोळी. अप्पा निवडुंगाआड जाऊन आले ते पट्टा अर्धाच अडकवून. तिने उतरून तो नीट लावून दिला. तेव्हा त्यांचा चेहरा तिच्या अगदी समोर होता आणि शब्द ओठांवर आले होते.

"तू खा आधी," अप्पा म्हणाले. "तोंड बघ तुझं. आठवडाभर झोपली नसल्यासारखं."

शब्द परत खाली गेले.

पुढे सैनिकांची चौकी लागली. कुठे चाललात, असं एका तरुण शिपायाने विचारलं. अप्पा तिच्याआधी बोलले, "देवमासे बघायला. ही माझी मुलगी, मला घेऊन चाललीय."

"नशीबवान आहात, आजोबा." शिपायाने मागचं सामान चाचपलं. गरम कपडे, तिन्ही जोडे, अप्पांची उशी. "देवमाशांसाठी एवढं?"

"बायकांचं भरणं असंच असतं," अप्पा म्हणाले.

डेल्फिनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रागही आला, कुणाचा ते तिला कळेना. पुढची दोन वळणं घेऊन झाल्यावर तिने विचारलं, "तुमच्या वेळी होते का हो पर्यटक?"

"कसले पर्यटक! देवमासा दिसला की पोटात गोळा यायचा. पिल्लू बरोबर असलं तर विचारू नकोस. माझ्या चुलतभावाचा पांगा एकीने उलटा केला. आमच्या होड्या त्या केवढ्याशा! त्याचं जाळं तिच्या आणि पिल्लाच्या मध्ये आलेलं. चूक त्याचीच."

"मग तुम्ही काय करायचे?"

"वल्हं घ्यायचं आणि पांग्याच्या कडेवर थापा मारायच्या. धब धब धब. आणि तिला नीट सांगायचं, पुढे जा, बाई, पुढे जा, इथे पोरांचे बाप बसलेत."

"बाई म्हणायचे?"

"मग काय, तिला शिव्या देणार? एवढी मोठी ती."

पुढे पर्यटक यायला लागले तोवर अप्पा बाहेरच्या किनाऱ्यावर शेवंडी पकडायच्या कामाला लागले होते, आणि बायको गेल्यावर डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी म्हणून मुलीकडे आले ते तिथेच राहिले. पर्यटकांच्या पांग्यात ते जन्मात बसले नव्हते. हे डेल्फिनाच्या लक्षात यायला हवं होतं. वारोच्याही. पण दोघांना त्या दिवसांत स्वतःच्या विवंचनेपलीकडे काही दिसत नव्हतं.

सान इग्नासिओच्या खजुरांच्या सावलीत ते घटकाभर थांबले. मग डांबर संपलं आणि हाडं खिळखिळी करणारा मातीचा रस्ता सुरू झाला. खाडीवर पोचले तेव्हा उन्हं उतरली होती. वारोने बापाला मिठी मारली, उशी उतरवून घेतली आणि बहिणीला गाडीमागे ओढलं.

"सांगितलंस?"

"सांगते."

"ताई!"

"सांगते म्हटलं ना. आता माझं डोकं खाऊ नकोस."

सकाळी वारोचा पांगा निघाला. पर्यटकांची दोन जोडपी मध्ये, अप्पा पुढे, डेल्फिना त्यांच्या शेजारी. वारा थंड होता, पाणी राखाडी. पाण्यावर अप्पांना सांगणं सोपं जाईल, असं तिला रात्री वाटलं होतं. आता तेही वाटेना.

वारोने इंजिन हळू केलं. पर्यटकांनी हात पाण्यात घालून चुबकचुबक सुरू केलं. हल्ली तसंच बोलावतात. लांबवर एक फवारा उडाला, मग जवळ. मग पाण्याखालून एक काळपट, बारीक कवचांचे जीव चिकटलेली पाठ पांग्याकडे सरकत आली. पांग्यापेक्षा कितीतरी लांब. तिच्या कुशीला पिल्लू. बायका हरखून ओरडल्या.

अप्पा उठून उभे राहिले. कुणाला काही कळायच्या आत त्यांनी तळाचं वल्हं उचललं आणि पांग्याच्या कडेवर दाणकन हाणलं.

"पुढे जा, बाई! पुढे जा! पोरं आहेत इथे!"

धब धब धब. ती पाठ कललीसुद्धा नाही, जागच्या जागी बुडाली. पिल्लूही गेलं. पाणी सपाट झालं. एका पर्यटकाने कॅमेरा खाली केला आणि बायकोकडे बघितलं.

"अप्पा!" वारोने वल्हं हिसकावलं. "वेड लागलंय का तुम्हाला? ती माणसं हजारो मैलांवरून आलीत!"

"इतक्या जवळ आली होती रे. पिल्लू होतं बरोबर."

"जवळ यावी म्हणूनच तर आलोय! ताई, हे रोज असं करणार असतील तर यांना जन्मभर इथे ठेवू कसा मी? परवाना जाईल माझा!"

आणि मग त्याचं त्यालाच ऐकू आलं, आपण काय बोललो ते.

"जन्मभर?" अप्पा म्हणाले.

ते वारोकडे बघत नव्हते, डेल्फिनाकडे बघत होते. एवढा लांबचा रस्ता, एवढी वळणं, आणि सांगितलं कुणी, तर या घाबरट भावाने, परक्या माणसांसमोर. तिला वाटलं पाण्यात उडी टाकावी. तिने तोंड उघडलं.

"मी थकले, अप्पा," ती म्हणाली. "मला जमत नाहीय आता."

अप्पा हळूच खाली बसले. इंजिन मंद घुरघुरत होतं. पर्यटकांना भाषा कळत नव्हती, पण एकाने कॅमेऱ्यावर झाकण लावलं. वारो उगाच दोरीची गाठ सोडून परत बांधत बसला.

तेवढ्यात पांगा खालून किंचित उचलल्यासारखा हलला. ती परत आली होती. आधी पिल्लाचं डोकं वर आलं, सुरकुतलेलं आणि ओलं, आणि त्याच्याखाली तिची पाठ. ती त्याला पांग्याकडे ढकलत होती. पिल्लू कडेला लागलं आणि तिथेच राहिलं. मग आई हळूहळू खाली गेली आणि पांग्याखाली नुसती पडून राहिली.

पर्यटकांचे हात पिल्लाच्या नाकावर होते. कुणी हसत होतं, कुणी रडत होतं. अप्पा वाकून खाली, त्या काळ्या सावलीकडे बघत होते.

"ही काय करतेय?" त्यांनी विचारलं.

"विसावा घेते, अप्पा," वारो हलक्या आवाजात म्हणाला. "इथे त्यांना खायला काही नसतं. उपाशीपोटी पाजतात. पार गळून गेल्या की पिल्लू असं आमच्यापाशी सोडतात आणि खाली पडून राहतात."

"आणि मग नेते?"

"नेते की."

अप्पांनी पिल्लाच्या डोक्यावर तळवा ठेवला, बिचकत, तापलेल्या तव्यावर ठेवतात तसा.

"आम्हाला वाटायचं मारायला येते," ते म्हणाले. "दमलेली असते होय." आणि मान न वळवता, "वारो, माझी खाट कुठे टाकलीयस?"

वारोने हातातली दोरी खाली ठेवली. "खिडकीपाशी."

"दाराला कुलूप?"

"इथे कुणी कुलूप लावत नाही, अप्पा."

"मग ठीक."

डेल्फिनाने मान खाली घातली. अप्पांनी पाण्यातला ओला हात तिच्या मानेवर ठेवला. तो बर्फासारखा गार होता, आणि परत किनाऱ्याला लागेपर्यंत त्यांनी तो काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती निघाली. निरोप असा काही झाला नाही. अप्पा किनाऱ्यावर, डागडुजीसाठी पालथ्या घातलेल्या पांग्यावर बसून होते. "पेट्रोल बघून घे," म्हणाले. "ट्रकने डावा दिवा दिला तर विचार करत बसू नकोस." तिने त्यांच्या टोपीची कड सरळ केली आणि गाडीत बसली.

चढापर्यंत गेली आणि तिच्याने पुढे जाववेना. तिने गाडी थांबवली. आरशात तो पालथा पांगा आणि त्यावरचा ठिपका दिसत होता. दार उघडून तिने एक पाय खालीही टाकला. काय करणार होती, तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. त्यांना परत गाडीत घालावं, घरी न्यावं, परत ते कुलूप, परत तो गॅस. तरी पाय खाली होता.

आरशातला ठिपका उभा राहिला. वाकून त्याने काहीतरी उचललं.

मग आवाज आला. वाऱ्यावरून, उशिराने, पण स्पष्ट. वल्हं, पांग्याच्या पाठीवर. धब धब धब. थांबून परत धब धब धब. ते काय ओरडत होते ते इतक्या दुरून ऐकू येणं शक्य नव्हतं, आणि ऐकू यायची गरजही नव्हती.

डेल्फिनाने पाय आत घेतला. डोळे पुसले, पण ते परत भरले, मग पुसायचं सोडून दिलं. तिने एकदा लांब हॉर्न दाबला आणि गाडी गिअरमध्ये टाकली. थापा चढ संपेपर्यंत येत होत्या.