मांजरीने गिळलेली कॉल साइन

गळ्यावर हात ठेवून सांगते, यातला शब्द न् शब्द खरा! खोटं निघालं तर माझे उरलेले चारही दात आत्ताच्या आत्ता पडोत.

खरखर आत्या शिलाई मशीनं दुरुस्त करायची आणि हात रिकामे झाले की रेडिओवरून जगाशी गप्पा मारायची. घरात सदा खरखर, म्हणून हे नाव. नव्याण्णव देश तिने गाठले होते. पण या रेडिओवाल्यांत नुसतं बोलून भागत नाही. समोरच्याचं पोचकार्ड टपालाने हातात पडलं, तरच तो देश धरतात. शंभरावा देश म्हणजे एक खडकाळ बेट. तिथे राहायचा एकटा हवामानवाला. त्याने रेडिओवरच बजावलं होतं, "आधी तुमचं कार्ड, मग माझं. कार्डावरची ओळख हाताने खरडलेली चालणार नाही. आणि शेवटची बोट चुकली तर विसरा, मी चाललो घरी!"

त्या बोटीचं टपाल आज चारला बंद होणार होतं.

आठ दिवस आत्या कार्डाचं चित्र काढत होती. गच्चीवरची रेडिओची तार, तारेवर वहिनीने वाळत घातलेला पायमोजा, खाली मांजर. मांजर रोज थोडी थोडी फुगत गेली.

"वन्सं, हे कार्ड आहे की मांजरीचा वाढदिवस?" वहिनी चिडवायची. पण छापखाना तिचाच, त्यामुळे ऐकून घ्यावं लागे.

तीनला दोनशे कार्डं छापून झाली. गरमागरम, शाईचा वास येणारी! आत्या छापखान्यातच नाचली. एकाच्या पाठीवर तिने तारीख, जागतिक वेळ, आवाज किती स्पष्ट आला, सगळं भरलं.

वहिनीने कार्ड उलटंपालटं केलं. "वन्सं, तुमची कॉल साइन कुठंय?"

कॉल साइन म्हणजे सरकारने दिलेली पाच अक्षरांची ओळख. तिच्याशिवाय कार्ड म्हणजे नवरानवरीची नावं नसलेली लग्नपत्रिका!

आत्या मटकन खाली बसली. "मांजरीच्या पोटाखाली गेली गं!"

"परत छापू?"

"नवा ठसा करून छापेपर्यंत पाच वाजतील!" आणि तशीच ती ताडकन उठली. "तुझं बाइंडिंगचं कापड शिवायचं मशीन परवाच दुरुस्त केलं ना मी? लाल दोरा काढ!"

"अहो, कागद फाटेल!"

"टाका मोठा ठेवते. तू फक्त कार्ड धर. आणि श्वाससुद्धा घेऊ नकोस!"

खट खट खट! मांजरीच्या पोटावर पाच लाल अक्षरं उमटली. शेवटचं जरा वाकडं आलं, पण आलं.

"हे छापलेलंही नाही," वहिनी म्हणाली.

"पण खरडलेलं तरी आहे का?" आत्या चपला न घालताच पळाली. पोस्टातला कारकून पिशवीचं तोंड बांधत होता. तिने दोन्ही हातांनी ते फाकवलं आणि पाकीट आत कोंबलं.

तीन महिन्यांनी बेटाचं कार्ड आलं. त्यावर हवामानवाल्याने स्वतःची कॉल साइन मासे पकडायच्या दोऱ्याने शिवली होती! खाली लिहिलेलं, "बोटं सोलली. पण तुमच्यापेक्षा सरळ आलीय."

आत्या अशी ओरडली की वहिनीच्या हातून शाईचा डबा पडला. मग उरलेली एकशे नव्याण्णव कार्डं दोघींनी मिळून शिवली.

बरं बाई, दात हलायला लागलाय, सांगून टाकते. ती मांजर नव्हती. आत्याने स्वतःचंच हसरं तोंड काढलं होतं, आणि रोज थोडं मोठं करत होती.