माझा कान

छापखान्यात तिला सगळे घडीताई म्हणायचे. अकरा वर्षं छापील कागदांना घड्या घातल्यावर दुसरं काय म्हणणार? एका मोठ्या कागदावर सोळा पानं, त्याला तीन घड्या, की झाला एक फर्मा. हात चालू असताना नजर ओळींवरून फिरायचीच. सतराव्या पानापासून बत्तिसाव्या पानापर्यंत तिनं वाचलेली पुस्तकं शेकड्यानं असतील, पण खून कोणी केला हे तिला एकाही पुस्तकात कळलेलं नव्हतं.

घडीताईला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. ती हातांनी बोलायची, आणि भरपूर बोलायची. तेव्हा इथून पुढे ती काही “म्हणाली” की हातांनीच म्हणाली असं धरून चालावं. दर वेळी “खुणेनं, खुणेनं” करत बसायला मला वेळ नाही, आणि बिचारी-बिचारी करायची हौस तर त्याहून नाही.

बाइंडिंगच्या दालनात मधोमध जमिनीवर एक पिवळा पट्टा होता. पट्ट्याच्या अलीकडे हातघडीचं लांब टेबल आणि त्याच्याभोवती ऐकू न येणारे पाच जण. पलीकडे घडी मशीन आणि ऐकू येणारे. असा नियम कुठेही लिहिलेला नव्हता, म्हणून तो मोडायचा तरी कसा हे कोणाला सुचत नव्हतं. घडीताईनं तो जेवणाच्या सुट्टीत मोडला. डबा पाच मिनिटांत संपवायचा आणि पट्टा ओलांडून फोरमनपाशी जाऊन उभं राहायचं. सहा वर्षांत म्हाताऱ्या फोरमननं तिला त्या मशीनचा स्क्रू अन् स्क्रू शिकवला. दोन कागद एकदम आत गेले की मशीन ढेकर दिल्यासारखं करतं. ऐकणाऱ्यांना ते ऐकू यायचं, हिला मशीनच्या कुशीला लावलेल्या तळहातातून कळायचं. “माझ्या कानाच्या आधी हिच्या हाताला कळतं,” फोरमन येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, आणि येणारेजाणारे हसून पुढे जायचे.

आता धाकटीबद्दल. धाकटी म्हणजे तिची सख्खी बहीण, हिच्याहून चार वर्षांनी लहान, ऐकू येणारी. बहिऱ्यांच्या शाळेतून शिकून आलेली प्रत्येक खूण घडीताईनं आधी धाकटीला शिकवली. सहा वर्षांची असताना धाकटी दुकानात, शेजारी, दवाखान्यात ताईच्या वतीनं बोलायला लागली. एकदा डॉक्टरांनी विचारलं, दुखतं का? ताई म्हणाली, खूप. धाकटीनं सांगितलं, नाही. तिला लवकर घरी जाऊन खेळायचं होतं. ताईचा कान महिनाभर वाहत राहिला, आणि हा किस्सा घरात पुढे कितीतरी वर्षं हसत हसत सांगितला गेला. घडीताईही हसायची.

खुणांनी बोलणाऱ्या लोकांत एक रीत असते. नवं माणूस भेटलं की त्याचं नाव बोटांनी एकेक अक्षर करून सांगायचं. ओळख मुरली, माणूस आपलं झालं, की बहिऱ्यांपैकी कोणीतरी त्याला खुणेचं नाव देतं. ते एकदाच मिळतं आणि जन्मभर पुरतं. धाकटीला तिचं नाव ताईनं दिलं होतं. आधी चिमटीत स्वतःच्या कानाची पाळी धरायची, मग तोच हात छातीवर ठेवायचा. माझा कान.

चार वर्षांपूर्वी नवा कायदा आला. अपंगत्वावरून कोणाला डावलायचं नाही, डावललं तर लेखी कारण द्यायचं, आणि कामावर सोयी करून द्यायच्या. छापखान्याला दुभाषी हवा होता. धाकटी तेव्हा घरीच बसून होती. घडीताई मॅनेजरच्या मागे हात धुऊन लागली आणि बहिणीला चिकटवूनच थांबली. धाकटीला काचेचं दार असलेली खोली मिळाली, दारावर “समावेश अधिकारी” अशी पाटी मिळाली. दोघी बहिणींचा हसरा फोटो मुख्य दाराशी लागला आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत “इथे प्रत्येक हाताला काम”. पिवळा पट्टा फोटोत आला नव्हता.

या वर्षी फोरमन निवृत्त व्हायचा होता. मशीनप्रमुखाच्या जागेसाठी अर्ज मागवले आणि घडीताईनं अर्ज केला. टेबलाभोवतीचे बाकीचे चौघं हातातलं काम सोडून बघत राहिले. ही पट्ट्यापलीकडे गेली तर आपल्यालाही वाट मिळेल, हे त्यांना न सांगता कळलं होतं. अर्जाच्या शेवटी तिनं मोठ्या डौलात लिहिलं होतं: मला दुभाषी लागणार नाही. सूचनांसाठी एक पांढरा फळा आणि मशीनवर एक लाल दिवा बसवला की पुरे.

तिनं तो अर्ज पहिल्यांदा धाकटीलाच दाखवला. तुझ्यावरचा एक भार कमी केला, असंच तिला वाटत होतं. धाकटीनं दोन वेलांट्या दुरुस्त केल्या. शेवटच्या ओळीपाशी ती जरा जास्त वेळ थांबली. मग म्हणाली, “छान लिहिलंयस.”

मुलाखतीला मॅनेजर आणि भरतीच्या बाई असे दोघंच होते. फोरमनचा हिच्यावर जीव, म्हणून त्याला बोलावलं नव्हतं. धाकटी बाजूला बसली.

“मशीनवर काम करायची तयारी आहे का?” मॅनेजरनं विचारलं.

घडीताईचे हात सुटले. ढेकर, तळहात, तेल कधी घालायचं, कुठला रूळ झिजलाय, पाऊण वर्षापूर्वी फोरमन आजारी असताना आठवडाभर मशीन कोणी चालवलं, सगळं. बोलून संपलं तेव्हा तिला घाम आला होता. धाकटीचे ओठ मात्र थोडाच वेळ हलले. घडीताईला शेवटचं तेवढं दिसलं. “हिला मशीनची माहिती आहे.”

ओठांवरून वाचणं म्हणजे अर्धं वाचणं आणि अर्धं जुळवणं असतं. प, ब, भ, म या सगळ्यांना ओठ सारखेच मिटतात. ‘ह’ तर घशातल्या घशात होतो, तो दिसतच नाही. धाकटीचं तोंड ‘मा’ला उघडावं तितकं उघडलं नव्हतं, हे तिच्या नजरेतून सुटलं नाही. पण ही भरभर बोलते, अर्धे शब्द गिळते, हेही तिला लहानपणापासून ठाऊक होतं. एवढं सगळं मी सांगितलं आणि हिनं एका वाक्यात कसं बसवलं, असंही तिच्या मनात आलं. मॅनेजरनं मान हलवली ती आजाऱ्याला भेटायला आल्यासारखी, तेही तिनं पाहिलं. पाहिलं आणि सोडून दिलं. माणूस स्वतःच्या कानावर संशय घेतो का?

दहाव्या दिवशी पाकीट आलं. तिनं ते टेबलाशी उभ्या उभ्याच फोडलं.

“उमेदवाराने मुलाखतीत दुभाष्यामार्फत स्वतःहून सांगितले की तिला मशीनची भीती आहे व हातघडीच्या टेबलावर ती समाधानी आहे. सबब तिचा विचार करता आला नाही.”

ती प्रसाधनगृहात गेली, कडी लावली आणि आरशासमोर उभी राहिली. आवाज न करता म्हणाली, माहिती. मग म्हणाली, भीती. पुन्हा एकदा दोन्ही. आरशात ओठ दोन्ही वेळा सारखेच मिटले आणि ‘ती’ला सारखेच ताणले गेले. मधल्या फटीत तेवढा फरक होता. तो तिनं त्या दिवशीही पाहिला होता, आणि बहिणीच्या बाजूनं स्वतःच जुळवून टाकला होता.  तिनं कागदाला घडी घातली आणि कडी काढली.

तरी पायऱ्या चढताना ती स्वतःला समजावतच होती. टायपिंगची चूक असेल. भरतीच्या बाईंनी ऐकण्यात घोळ केला असेल. काचेचं दार ढकलून तिनं कागद धाकटीच्या पुढ्यात ठेवला.

“हे तू बोललीस?”

धाकटीनं आधी कानांवर हात ठेवले. मी असं कशाला म्हणेन, त्यांनीच काहीतरी लिहिलं असेल. घडीताई तिच्या हातांकडे बघत राहिली. तोंड खोटं बोलतं तेव्हा हात अडखळतात, हे धाकटीला तिनंच शिकवलं होतं. शेवटी धाकटीनं कागद उलटा करून ठेवला.

“तुझ्यासाठीच केलं, ताई. त्या मशीननं आजवर दोघांची बोटं घेतलीयत. माझं बोट गेलं तर एक बोट गेलं. तुझी बोटं गेली तर बोलणंच गेलं. आईला विचार, ती रोज काळजी करते.”

हे खरं होतं. दोघांची बोटं गेली होती, आई काळजी करत होती. एक क्षण घडीताई विरघळली. वेडी पोर, जिवाला घाबरली माझ्या. तिनं हात पुढे केला आणि धाकटीचा दंड धरला.

“मग मला विचारायचंस. भीती तुला होती, ती माझ्या नावावर का टाकलीस?”

धाकटीनं दंड सोडवून घेतला. आता तिचे हात अडखळत नव्हते.

“आणि तू मला विचारलंस? अर्जात काय लिहिलंस तू? दुभाषी लागणार नाही. तू फळ्यावर आणि दिव्यावर काम भागवलंस, की उद्या हे चौघंही फळा मागणार. मग मला इथे कोण ठेवणार? दर वर्षी माझी नेमणूक नव्यानं होते, ठाऊक आहे ना? तुला मोठी जागा हवी, आणि मी काय करू? परत घरी बसू?”

“सांगितलं असतंस तर मी ते वाक्य खोडलं असतं.”

आणि तिनं ते खरोखर खोडलं असतं. दोघींनाही ते माहीत होतं. म्हणून तर धाकटीनं मान खाली घातली. सख्ख्या बहिणीनं केसानं गळा कापावा, तोही या गळ्यात आवाज नाही म्हणून! मला तर लिहितानाही संताप येतो. पण घडीताईला त्या वेळी संताप आला नाही. तिला एकदम तो दवाखाना आठवला. तेव्हा हिला घरी जायचं होतं, आता घरी बसायचं नव्हतं.

त्या संध्याकाळी आईला सगळं कळलं. आई ओठ सावकाश हलवत म्हणाली, “जाऊ दे. आपलीच आहे ना ती? घरातलं घरात राहू दे.” घडीताईनं डोळे मिटून घेतले. ऐकू न येणाऱ्या माणसाला तेवढं एकच दार लावून घेता येतं.

दुसऱ्या दिवशी तिनं अपील केलं.

सुनावणी छापखान्याच्याच बैठकीच्या खोलीत झाली. बाहेरून आलेले तीन जण समितीवर होते, आणि बहिऱ्यांच्या संघटनेनं पाठवलेल्या एक दुभाषी बाई. मॅनेजर एका बाजूला, त्याच्याशेजारी धाकटी. फोरमन साक्षीला आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून, जणू त्याचीच नेमणूक व्हायची होती.

“तुम्हाला मशीनची भीती वाटते?” अध्यक्षांनी विचारलं.

“नाही. मला मशीनची माहिती आहे,” घडीताई म्हणाली, आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं. सांगताना तिची नजर दुभाषी बाईंच्या ओठांवर होती. हिचे हात चालले तेवढा वेळ त्यांचे ओठ चालले. परक्या बाईनं तिचं सगळं बोलणं जसंच्या तसं पोचवलं, आणि तेवढ्यानंच तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

समितीनं आपसात विचार केला. सोमवारी मशीनवर प्रत्यक्ष चाचणी घ्यायची, फोरमनसमोर, असं ठरलं. फोरमननं टेबलावर थाप मारली. टेबलावर टेकलेल्या घडीताईच्या कोपराला ती कळली.

“एकच नोंद राहिली,” अध्यक्ष म्हणाले. “तुमचं बोलणं आधीच्या मुलाखतीत चुकीचं सांगितलं गेलं. ते कोणी सांगितलं? की समजण्यात गफलत झाली?”

समोर धाकटीचे हात टेबलाच्या कडेशी, अंगालगत, बारीक हलले. मॅनेजर अध्यक्षांकडे बघत होता, घडीताईला ते दिसत होते. गफलत म्हण. ताई, एवढंच म्हण. धाकटीचा चेहरा थेट सहा वर्षांच्या पोरीचा झाला होता.

घडीताईचा हात आपोआप वर गेला. तीस वर्षांची सवय होती ती. चिमूट कानाच्या पाळीपर्यंत पोचली. धाकटी जरा सावरून बसली. ताई आपलं नाव घेतेय म्हटल्यावर आता ती सांभाळून घेणार, असं तिला वाटलं असावं.

घडीताईनं हात खाली आणला. मग छातीसमोर धरून बोटांनी एकेक अक्षर करत तिनं बहिणीचं नाव सांगितलं, आडनावासकट, सावकाश आणि स्वच्छ. दुभाषी बाईंनी ते मोठ्यानं म्हटलं. अध्यक्षांनी लिहून घेतलं. मॅनेजर, फोरमन, समिती, कोणालाही त्यात काही विशेष वाटलं नाही. धाकटी मात्र जागच्या जागी पांढरी पडली.

दुभाषी बाई नोंद बिनचूक व्हावी म्हणून घडीताईकडे वळल्या. “बहीण ना तुमची? यांना खुणेचं नाव नाही?”

“नाही,” घडीताई म्हणाली. “तेवढी ओळख नाही.”