ढिगातलं पान

मी तंबाखूचं पान बोलतोय. सांगवीच्या साखरबाईंनी घरच्या मिसरीपुरती बांधाला चार झाडं लावली होती, त्यातल्या एकाचं.

दरसाल पानं तोडली की साखरबाई आणि त्यांची थोरली जाऊ द्वारकाबाई पडवीत समोरासमोर बसून आम्हांला सुतळीत ओवायच्या. यंदा द्वारकाबाई इंदापूरला लेकाकडे, युवराजकडे राहायला गेलेल्या. साखरबाईंनी पानं तोडली आणि फोन लावला.

"अक्का, कवा येताय?"

"येते गं उद्या."

साखरबाईंनी आमचा ढीग रचला, वर ओलं बारदान टाकलं आणि वाट बघत बसल्या.

तोडलं की पान मेलं, असं तुम्हांला वाटतं. तसं नसतं. देठापासून सुटल्यावरही मी श्वास घेत होतो, अंगातल्या साखरेवर जगत होतो. वेळेत वाऱ्यावर टांगलं, तर ती साखर सावकाश सरते, हिरवा रंग पिवळा होतो, मग तपकिरी, आणि पानाला वास चढतो. ढिगात आमच्याच श्वासाची ऊब आमच्यात कोंडली. खालची पानं काळी पडली, बुळबुळीत झाली. आंबूस वास सुटला.

शेजारची प्रगती म्हणाली, "काकू, सडत्यात की पानं. मी येऊ का ओवायला?"

"नगं. अक्का येणार हाय."

उद्याचे परवा होत गेले. अखेर युवराजची गाडी दारात थांबली. द्वारकाबाईंनी ढिगात हात घातला आणि चटकन मागे घेतला.

"साखरे, पान थांबत न्हाय, ठावं हाय ना तुला?"

"हाय की."

"मग?"

"एकटीनं ओवलं असतं, तर तुमी पुढच्या साली आलाच नसता."

द्वारकाबाई पदर खोचून खाली बसल्या, दाभण हातात घेतलं. सडलेली पानं उकिरड्यावर गेली. मी अर्धा काळा, तरी ओवला गेलो. माळ निम्मी झाली नाही तोच युवराजनं हॉर्न वाजवला. "आई, चल. उशीर हुतोय."

त्या गेल्या. साखरबाईंनी तिथंच गाठ मारली.

आता मी पडवीच्या आढ्याला टांगलेला आहे. अंगाला ना रंग आला, ना वास. हात लावला तर चुरा होईल. मिसरीलाही मी चालायचो नाही, तरी साखरबाई मला उतरवत नाहीत. बाई, अक्कांची वाट खुशाल बघा. पण पुढच्या साली आधी पानं वाऱ्यावर टांगा, मग बघा.