निकोलसची बरणी

ओवेन पोटचा असला तरी लबाड आहे, असं लुसीचं त्या शनिवारी सकाळी ठाम मत झालं. तशी त्याच्यात खोट काढायला तिला एरवीही फार शोधावं लागत नसे. डोंबिवलीला फ्लॅट घेतला, आईला माजिवड्याच्या घरात एकटी टाकली, कालवणात मीठ जास्त झालं तरी तोंड उघडत नाही. पण ते सगळं किरकोळ. या वेळी त्याने मेलेल्या बापाची बरणी उघडली होती, आणि वर साळसूदपणे परत बांधून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये तिच्या नवऱ्याच्या, निकोलसच्या वर्षाची मिस्सा होती. मिस्सेनंतर घरी येणाऱ्यांना त्याच्याच हातची जांभळाची वाइन द्यायची, म्हणून लुसीने मागच्या खोलीतली काचेची मोठी बरणी गोणपाटातून काढून पुसायला घेतली होती. गेल्या जूनमध्ये बांधलेली, त्याची शेवटची.

निकोलसची बांधायची रीत ठरलेली. झाकण बसवायचं, त्याच्या कडेने कणकेची वळी फिरवायची, वरून वितळलेल्या मेणात बुडवलेलं फडकं आवळायचं. गाठीवरचं मेण कोमट असतानाच तो उजवा अंगठा दाबायचा. कारखान्यात लेथवर कापलेल्या त्या अंगठ्यावर आडवा वण होता, तो मेणात उमटायचा. लुसीने गाठीवरून बोट फिरवलं. ठसा गुळगुळीत होता.

तिने फोन करून ओवेनला बोलावलं. तो बारा वाजता पोचला.

"शीळफाट्याला अडकलेलो," तो म्हणाला. "काय झालं एवढं?"

"हा अंगठा कुणाचा?"

"कुठला?"

"मी चौथीत शाळा सोडलेली बाई, पण चाळीस वर्षं नवऱ्याचा अंगठा वाचत आलेय."

"पप्पाचाच असेल."

"त्याला वण होता. मेल्यावर भरून आला काय?"

ओवेन खुर्चीत बसला. हेल्मेट मांडीवर घेऊन त्याच्या पट्ट्याशी चाळा करत राहिला.

"माती दिली त्या दिवशी मेणबत्त्या घ्यायला मी मागे गेलेलो," तो म्हणाला. "झाकण वर आलेलं. वाइन गळून खाली थारोळं झालेलं. आत नुसती फसफसत होती, मम्मी. अजून एक दिवस तशीच राहिली असती तर बरणी फुटली असती. मग मी सगळं काढलं, वर पातळ कापड टाकलं. दर रविवारी येऊन कान लावून बघायचो. पाचव्या रविवारी आवाज थांबला, तेव्हा बांधली."

लुसीला ते रविवार आठवले. पोरगा यायचा, धड बोलायचा नाही, मागच्या खोलीत जाऊन बसायचा. बापाच्या दुःखाने आत जाऊन रडतो, असं तिने शेजारच्या शालनला अभिमानाने सांगितलं होतं.

"मला का नाही बोललास?"

"काय बोलणार? पप्पाने कच्ची बरणी बांधली म्हणून? अख्ख्या गावातले लोक त्याला बरणी ऐकायला न्यायचे."

न्यायचे, हे खरं. वाइन आतून काम करत असली की बारीक सळसळते, आणि तशीच बांधली तर वारा कोंडून झाकण उडतं. निकोलस काचेला कान लावायचा, डोळे मिटायचा. तो 'गप्प झाली' म्हणाला की बायका कणीक मळायला घ्यायच्या. तो कधी चुकला नव्हता.

त्या दिवशीही त्याने तसाच कान लावला होता. झाकण लुसीने धरलं होतं. "गप्प झाली," तो मान हलवून म्हणाला, आणि हातभर लांब उभ्या लुसीला उकळत्या पेजेसारखी सळसळ स्वच्छ ऐकू येत होती.

वर्षभर त्याचे कान जात चालले होते. मिस्सेत कधी उठायचं ते कळावं म्हणून ती त्याची बाही ओढायची. ईस्टरला ओवेनने कानाच्या मशीनचा विषय काढला, तेव्हा तिने त्याला झाडलं होतं, "तुझा बापूस बहिरा नाही, ऐकून घेत नाही एवढंच." आता ज्याच्या कानाला गाव मान देतं, त्याला त्याच्याच बरणीपाशी कसं खोटं पाडायचं? तिने झाकण दाबून धरलं. उद्या तो बाजारात गेला की हळूच सैल करू, असं मनाशी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी तो मोरीत पडला. बारा दिवस हॉस्पिटलात काढले आणि गेला. बरणी तिच्या डोक्यातून पार पुसली गेली.

"मला ऐकू आलेलं," लुसी म्हणाली.

"काय?"

"बरणी. तो गप्प झाली बोलला तेव्हा ती बोलत होती. मी झाकण दाबलं."

ओवेनने मान वर केली. लुसी फडक्याने काच पुसत राहिली. काच केव्हाच स्वच्छ झाली होती.

"हॉस्पिटलात मी त्याच्या कानाशी बसून किती बोलले," ती म्हणाली. "आयुष्यात नव्हते बोलले तसलं. नर्स होत्या आजूबाजूला, म्हणून हळू बोलले. तो मान हलवायचा. मला वाटलं, पोचतंय."

"पोचलं असेल, मम्मी."

"बरणीपाशी पण अशीच हलवलेली."

बाहेर भाजीवाला ओरडत गेला. ओवेन उठला, तिच्या हातातून फडकं काढून घेतलं आणि बाजूला ठेवलं.

"उद्या लोकांना काय सांगायचं?" त्याने विचारलं.

"निकोलसच्या हातची आहे, हेच. आणि तू बस इकडे, तुला काय ते सांगते."

तो बसला. लुसीने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं, कपाळ, नाक, मिटलेले ओठ.

"पोरगा बापसावर गेला, असं मी जन्मभर सगळ्यांना सांगत आले," ती म्हणाली. "नाही गेलास. तू माझ्यावर गेलायस, ओवेन. आणि हे काय चांगलं नाही झालं."