लाही आणि न दिसणारं कुंपण

मी एक म्हातारी पामेरियन कुत्री आहे. नाव लाही. ठाकुर्लीतल्या आमच्या गल्लीतली मुलं मला 'संशयी आजी' म्हणतात. कुणी बिस्किट पुढे केलं की मी आधी त्याचा हात बघते, मग त्याच्या पायाखालची जमीन बघते आणि मगच पाऊल उचलते. मुलं हसतात. हसू देत. पण मित्रांनो, मी जन्मापासून अशी नव्हते.

माझा जन्म कल्याणचा, एका निवृत्त मास्तरांच्या घरचा. भावंडांत सगळ्यात बारकी मीच. ठाकुर्लीच्या सुधीरदादांनी मला कापडी पिशवीत घालून रिक्षाने घरी आणलं, तेव्हा पिशवी रिकामीच आहे असं वाटून त्यांच्या बायकोने, सुमतीताईंनी, ती खुंटीला अडकवली होती! मग पिशवी हलली, आणि ताई इतक्या हसल्या की मी लगेच ठरवलं, हे घर आपलं.

घर बैठं होतं. पुढे छोटं अंगण, जास्वंद, एक पपई आणि लोखंडी फाटक. फाटकाच्या गजांमधून मी सहज बाहेर पडायचे. आणि बाहेर पडायला मला कारण होतं. रोज सकाळी खाडीकडच्या कोळीवाड्यातून मनुबाई मासळी विकायला यायची. डोक्यावर टोपली, हातभर हिरव्या बांगड्या. "ये गो लाये, ये माझे बाय!" अशी तिची हाक आली की मी बाणासारखी सुटायचे. ती माझ्यासाठी एखादी मांदेली बाजूला ठेवायची. मासळी तर मला आवडायचीच, पण तिचा तळहात त्याहून आवडायचा. माझं अख्खं डोकं त्यात मावायचं.

एकदा अशीच धावले आणि एका टेम्पोने अगदी माझ्या नाकाजवळ ब्रेक मारला. सुधीरदादांचा चेहरा पांढरा पडला. त्यांची भीती खोटी नव्हती, हे मी आजही म्हणते.

त्याच सुमारास दादांचे धाकटे भाऊ गुरुदत्त सुट्टीवर आले. ते बोटीवर नोकरीला होते आणि येताना नवनवीन वस्तू आणायचे. या वेळी त्यांनी एक खोका आणला. त्यात होती लांबलचक तार, व्हरांड्यात लावायचं एक यंत्र, तारेची खूण दाखवणारे पांढरे छोटे झेंडे आणि एक पट्टा.

"तार जमिनीत पुरायची," ते म्हणाले. "कुत्रं तारेजवळ गेलं की पट्टा आधी वाजतो, मग बारीकसा झटका देतो. कुंपण आहे, पण दिसत नाही!"

सुमतीताई खोक्यावरचं चित्र निरखत होत्या. "भाऊजी, या चित्रातला कुत्रा वासराएवढा आहे. हे आपल्या लाहीला चालेल?"

"वहिनी, मशीनला काय कळतंय लहान-मोठं!" गुरुदत्त हसून म्हणाले.

पट्टा बांधला तशी माझी मान खाली झुकली. त्यावरची डबी माझ्या तोंडाएवढी होती आणि तिची दोन धातूची टोकं गळ्यात रुतत होती. गुरुदत्तांनी फाटकापासून जास्वंदीमागून अंगणाच्या कडेने तार पुरली, मला एक दुपारभर झेंड्यांपाशी फिरवलं, "शिकली!" म्हणाले आणि आपल्या बोटीवर निघून गेले. मला काय शिकवलं, ते मला कळलंच नव्हतं.

दुसऱ्या सकाळी मनुबाईची हाक आली. मी धावले. गळ्याशी काहीतरी किणकिणलं, आणि पुढच्याच क्षणी मानेत असं काही शिरलं की माझे चारही पाय जमिनीवरून उचलले गेले. मी किंचाळले. डोळे उघडले तर समोर मनुबाई, तिचा पुढे केलेला हात आणि मासळीचा वास.

कुणी मारलं मला? आजूबाजूला दुसरं कोणीच नव्हतं.

तरी खात्री करावी म्हणून मी लक्ष ठेवू लागले. दुपारी पेपरचे पैसे न्यायला माणूस आला, मी फाटकापर्यंत गेले, काही झालं नाही. तेव्हा वीज गेलेली होती आणि यंत्र झोपलेलं होतं, हे मला कोण सांगणार? सकाळी वीज असायची, आणि मनुबाईही सकाळीच यायची. माझा निष्कर्ष पक्का झाला. तिच्या बांगड्या वाजल्या की मी खाटेखाली शिरून गुरगुरू लागले.

संशय माझ्यापुरता राहिला नाही.

"ही त्या बाईला बघूनच का ओरडते?" सुधीरदादा म्हणाले. "काहीतरी केलंय तिने. मुकं जनावर उगाच नाही घाबरत."

ताईंनी दोन दिवस मन आवरलं. मग फाटकाशी जाऊन म्हणाल्या, "मनुमावशी, राग मानू नका. पण लाहीला कधी काही मारलंत का हो?"

मनुबाईने टोपली खाली ठेवली. "मी? गो सुमती, त्या इवल्या जिवाला मी कशाला मारीन?" तिने टोपली उचलली. दुसऱ्या दिवसापासून तिची हाक मागच्या गल्लीतून जाऊ लागली.

मला आनंद झाला, मित्रांनो. वाटलं, बला टळली. पण मग जास्वंदीपाशी तोच झटका बसला, आणि तिथे मनुबाई नव्हती. मी जास्वंदीवर संशय घेतला. मग झेंड्यांवर, मग गवतावर. शेवटी सुधीरदादांवर, कारण पट्टा तेच बांधायचे. अंगणात जाणं मी सोडलं. घरात घाण होऊ लागली, जेवण जाईना. "हट्टी झालीय," दादा म्हणाले.

आता कुंपण आहे म्हणून फाटक उघडं राहायचं. एका सकाळी ताईंनी मला उचलून पायरीखाली ठेवलं आणि त्या कपडे वाळत घालू लागल्या. तेवढ्यात रस्त्यावरचा एक धिप्पाड कुत्रा आत आला. त्याला तारेने काहीच केलं नाही. त्याच्या गळ्यात पट्टा कुठे होता? मी जीव घेऊन पळाले ती थेट जास्वंदीकडे, आणि झटका बसला. मागे दात, पुढे झटका. मी होते तिथेच थिजले.

ताई काठी घेऊन धावल्या. मला छातीशी धरून त्या कुत्र्याला हाकलत फाटकापर्यंत गेल्या आणि अचानक ओरडल्या, "आई गं!" त्यांची बोटं माझ्या पट्ट्याखाली होती.

त्या मटकन खाली बसल्या. पट्टा काढला, केस बाजूला केले. माझ्या गळ्यावर दोन ओल्या जखमा होत्या, बरोबर त्या दोन टोकांच्या जागी.

"बॅटरीचं काहीतरी झालं असेल," संध्याकाळी दादा म्हणाले. "गुरूला विचारायला हवं."

"त्याला कशाला? हिच्या मानेला विचारा," ताई म्हणाल्या. "आणि हा घ्या पट्टा. टोकं मुठीत धरा आणि चला फाटकाकडे."

दादा गेले. हात झटकून पट्टा त्यांनी लांब फेकला. मग कुदळ आणून त्यांनी तार उपटायला सुरुवात केली. पुढच्या रविवारी कल्याणहून बारीक जाळी आली आणि फाटकाच्या गजांना खालून बांधली गेली. तिच्यातून मी बाहेर जाऊ शकत नव्हते. ती मला दिसत होती आणि चावत नव्हती.

ताई मला घेऊन कोळीवाड्यात गेल्या. मनुबाई ओट्यावर मासळी निवडत होती.

"चूक आमची होती, मावशी," ताई म्हणाल्या.

"मासळी नाय घेतली त्याचं नाय गो काय," मनुबाई म्हणाली. "पण तू माझ्या हाताकडं बघितलंस ना त्या दिवशी, ते लागलं."

तिने हात पुढे केला. मी गुरगुरले. सगळं समजलं होतं, तरी मान ऐकेना. मनुबाईने हात मागे घेतला. "असू दे. तिला काय घाई हाय?"

ती पुन्हा सकाळी येऊ लागली. मला हाक मारायची नाही. फाटकाच्या आत बसून तळहात जमिनीवर उघडा ठेवायची आणि ताईंशी गप्पा मारायची. उन्हाळा गेला, पाऊस गेला. थंडीतल्या एका सकाळी मी जवळ गेले, तिची सगळी बोटं हुंगली आणि हनुवटी त्या तळहातावर टेकवली. डोळे मात्र उघडे ठेवले. मनुबाई बोलायची थांबली, पण हलली नाही.

मित्रांनो, आमच्यासारख्या लहान जिवांना जपायचं असेल तर जरूर जपा. पण आमच्या गळ्यात काही बांधण्याआधी ते स्वतःच्या मुठीत धरून बघा. आम्ही ओरडलो, तर कुणावर बोट दाखवण्याआधी आमची मान तपासा. आणि एकदा भ्यालेल्या जिवाने तुमचा हात परत परत हुंगला, तर हसू नका. तो हात तेवढा वेळ तसाच राहू द्या.