मफिनचा एक्स-रे अडकला

दसऱ्याच्या सकाळी इंग्लंडमधल्या श्रूजबरी गावात, देवयानीच्या प्राण्यांच्या दवाखान्यात सगळे कॉम्प्युटर चालू होते, पण एकाचं दुसऱ्याशी बोलणं तुटलं होतं. नेमकी तेव्हाच मफिन नावाची मांजर आली. तिनं शिवणाची सुई गिळल्याचा मालकिणीला संशय होता. एक्स-रे काढला, पण तो मशीनमधून देवयानीच्या स्क्रीनवर येईना. सुई कुठे आहे ते दिसल्याशिवाय ऑपरेशन कसं करणार?

"राउटर दोनदा रीस्टार्ट केला, बाबा. इंटरनेटवाले म्हणतात, आमच्याकडून सगळं ठीक आहे. मफिनला दुसरीकडे पाठवावं लागणार, आणि ते हॉस्पिटल लांब आहे."

"थोडा वेळ दे," जगन्नाथ म्हणाले. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवून ते आता लेकीकडे राहायला आले होते. त्यांनी नातीला हाक मारली. "अनया, चल गं."

"आजोबा, यू डोन्ट नो नेटवर्क्स!"

"नाहीच येत. म्हणून तर तुला नेतोय."

मागच्या कपाटात सगळ्या वायरी एका डब्याला जोडलेल्या होत्या. डब्यावर कालच्या खंडेनवमीच्या पूजेची झेंडूची फुलं होती आणि त्याचे हिरवे दिवे वेड्यासारखे एकदमच लुकलुकत होते.

"काल चालू होतं, आज नाही. मधे काय बदललं?"

"नथिंग. पूजेसाठी मी फक्त साफ केलं. फुलं ठेवली."

"फुलांनी काही बिघडत नाही. आता एकेक वायर बोटानं धर. कुठून निघते, कुठे पोचते, ते सांग. अंदाज करायचा नाही, बोट सोडायचं नाही."

पहिली वायर रिसेप्शनला गेली. दुसरी एक्स-रेच्या खोलीत. तिसरी, निळी, फळीमागून फिरली आणि अनयाचं बोट थांबलं.

"इट कम्स बॅक. याच डब्यात."

मग ती हळूच म्हणाली, "हिचं एक टोक नुसतं लोंबत होतं. मेसी दिसत होतं, म्हणून मी रिकाम्या जागेत लावलं. आई खूप चिडेल."

"ते नंतर बघू. दोन्ही टोकं एकाच डब्यात. मग आत आलेला निरोप कुठे जाईल?"

"बाहेर. मग परत आत. मग परत…" तिचे डोळे मोठे झाले. "राउंड अँड राउंड! मग मफिनच्या फोटोला जागाच नाही!"

"मलाही तसंच वाटतंय. खात्री कशी करशील?"

अनयानं निळी वायर उपसली. दिव्यांची घाई ओसरली. आता प्रत्येक दिवा आपापल्या वेळी लुकलुकू लागला. बाहेरून देवयानी ओरडली, "आला! एक्स-रे आला!"

सुई अजून पोटातच होती, आतड्यात उतरली नव्हती. देवयानीनं मालकिणीला धीर दिला आणि हात धुवायला जाता जाता विचारलं, "काय झालं होतं?"

अनयानं आजोबांकडे पाहिलं.

"आई, ती चुकीची वायर मी लावली होती. साफ करताना. सॉरी."

देवयानीनं नळ सोडला. "आधी सुई काढते. मग मला नीट समजावून सांग. मला अजूनही कळलेलं नाही."